खडी होण्याआधी

इ.स.पू. 4500 च्या सुमारास

दोर ताणला जातो आणि तुमच्या तळहातांची आग होते. तुमच्या पुढे माणसं, मागे माणसं, आणि दोराच्या टोकाला ओंडक्यांवर टेकवलेली एक शिळा. कुणीतरी आरोळी देतं. सगळे एकदम अंग मागे टाकतात आणि शिळा हातभर सरकते. मागचा मोकळा झालेला ओंडका दोघं जण उचलून पुढे आणून घालतात. पुन्हा आरोळी.

आज ज्याला फ्रान्स म्हणतात त्या देशाच्या वायव्य टोकाला, ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावर तुम्ही उभे आहात. या टेकाडाला पुढे बार्नेनेझ असं नाव पडणार आहे. तुमच्याबरोबर दोर ओढणाऱ्यांकडे धातू नाही, चाक नाही. त्यांच्या कुऱ्हाडी दगडाच्या आहेत, तासन् तास घासून गुळगुळीत केलेल्या. या किनाऱ्यावर शेती येऊन फार पिढ्या लोटलेल्या नाहीत. टेकाडावरून खाली बघा. जिथे आज मोर्लेच्या उपसागराचं पाणी चमकतं, तिथे आत्ता बहुधा सपाट, सुपीक जमीन आहे. समुद्राची पातळी अजून खाली आहे, किनारा दूर आहे.

मोठ्या शिळा मोजक्याच लागणार आहेत, त्याही आतल्या दालनांसाठी. बाकीचं सगळं बांधकाम उचलता येईल अशा दगडांचं आहे. माणसांची रांग लागलीय आणि दगड हातोहात पुढे जातायत. ते गडद, हिरवट झाक असलेले डोलेराइटचे दगड आहेत, इथल्याच टेकाडातून काढलेले. तुमच्या हातात एक येतो. तो ठेवायला तुम्ही वाकता, तेवढ्यात शेजारची म्हातारी तुमचा हात धरते, दगड उलटा करते, किंचित फिरवते आणि मग बसवते. तो असा बसतो की हलवून हलत नाही.

कोकणात गडगा रचताना पाहिला असेल, तर तिने काय केलं ते तुम्हाला लगेच कळेल. चुना नाही, माती नाही. प्रत्येक दगड शेजारच्याच्या आधारावर उभा. फरक आकाराचा आहे. ही दगडरास पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाते, आतून भिंतींमागे भिंती घेत जाते, म्हणजे बाहेरचा थर ढासळला तरी आतला धरून ठेवील. इथे कुणी नकाशा काढलेला नाही, पण कुठला दगड कुठे जायचा हे ठरलेलं आहे. त्या म्हातारीने बसवलेला दगड तिथेच का, याला कारण आहे.

हे कारण लक्षात ठेवा. पुढच्या साडेसहा हजार वर्षांत सगळा प्रश्न त्याच्याभोवती फिरणार आहे.

बोळाच्या आत

दक्षिणेकडच्या दर्शनी भिंतीत पाच तोंडं सोडलेली आहेत. एकातून वाकून आत शिरा. बोळ अरुंद आहे. खांदे दोन्ही बाजूंना घासतात आणि डोकं खाली ठेवावं लागतं. बाहेरचा आवाज काही पावलांतच मागे पडतो. मग एकदम छत उंच होतं आणि तुम्ही ताठ उभे राहता.

वर पाहा. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडासा आत सरकवलेला आहे. असे थर चढत चढत जवळ येतात आणि माथ्यावर एका शिळेने तोंड बंद होतं. कमान अजून कुणाला ठाऊक नाही, पण माथ्यावरच्या दगडांचं वजन भिंतींवर उतरवायची युक्ती या लोकांना नेमकी साधली आहे. इथली दालनं एकाच पद्धतीची नाहीत. काही अशी रचीव घुमटीची आहेत, तर काही ठिकाणी उभ्या शिळांवर आडवी शिळा टाकलेली आहे. शेजारच्या दालनात दोन्ही पद्धती एकत्र आहेत: पुढे घुमटीची खोली, तिच्यामागे मोठ्या शिळांची दुसरी खोली. पुरातत्त्वज्ञ त्याला पुढे ‘एच’ असं अक्षर देतील.

त्या दालनात कुणीतरी दिवा धरलाय. उभ्या शिळांवर कोरलेल्या खुणा उजळतात: कुऱ्हाड, धनुष्य, लाटांसारख्या वळत जाणाऱ्या रेषा, आणि पुन्हा पुन्हा येणारं, वर तोंड उघडं असलेलं एक चिन्ह, इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखं. त्याचा अर्थ तुम्ही विचारू शकत नाही, कारण तुम्हाला यांची भाषा येत नाही. पण बोटं त्या खाचांवरून फिरवणाऱ्या माणसाकडे पाहून एवढं समजतं की ही नक्षी वेळ घालवायला केलेली नाही.

या संबंध वास्तूत एक कोरीव शिळा अशीही आहे, जी आधी दुसऱ्याच कुठल्या तरी बांधकामाचा भाग होती. या लोकांनी ती मोडून इथे आणली आणि वापरली. म्हणजे जुनं मोडून नवं करणं त्यांनाही माहीत होतं. हेही मनात ठेवा. एक कंत्राटदार येणार आहे तेव्हा याची आठवण लागेल.

इथे मृतांना आणतात, त्यांच्याजवळ भांडी ठेवतात, घासलेल्या कुऱ्हाडी ठेवतात, गारगोटीची बाणाग्रं ठेवतात. वस्तू टिकतील, माणसं टिकणार नाहीत. ब्रिटनीची जमीन आम्लधर्मी आहे, ती हाडं विरघळवून टाकते. ज्यांच्यासाठी हे सगळं उभं राहतंय त्यांचं शरीर जवळजवळ पूर्ण नाहीसं होईल. त्यांच्याविषयी बोलायला उरेल ती ही रचना आणि रचनेतल्या वस्तूंच्या जागा.

काही शतकांनंतर

आता बाहेर या. तुम्ही आत होतात तेवढ्यात अनेक पिढ्या सरल्या. पहिल्या राशीला चिकटून पश्चिमेकडे दुसरी रास उभी राहिलीय. दगडाचा रंगच बदललाय, कारण आता फिकट ग्रॅनाइट मोठ्या प्रमाणात आलाय. तो इथला नाही. जवळच्या स्तेरेकवरून आणलेला आहे. स्तेरेक आज बेट आहे. नव्या राशीत सहा दालनं आहेत. आधीची पाच धरून एकूण अकरा, आणि प्रत्येकाला स्वतंत्र बोळ.

वास्तू आता पूर्ण झाली: 72 मीटर लांब, कुठे कुठे 25 मीटरपर्यंत रुंद, आठ मीटरहून उंच. एकूण 13,000 ते 14,000 टन दगड. गिझाचा मोठा पिरॅमिड व्हायला अजून सुमारे दीड हजार वर्षं आहेत.

नव्या पिढीने जुन्या राशीचे दगड उचलून नवं काम केलेलं नाही. त्यांनी बाहेरचा दगड आणला आणि जुन्याला लागून बांधलं. आजोबांच्या भिंतीशेजारी नातवंडांची भिंत.

चार हजार वर्षं भरभर

इ.स.पू. तिसरं सहस्रक. बोळातून एक माणूस आत शिरतोय आणि त्याच्या हातात तुम्ही या टेकाडावर पहिल्यांदाच धातू पाहता. तांब्याचा खंजीर. बांधणाऱ्यांचं नावगाव याला ठाऊक नसेल, पण ही जागा आपल्या कामाची आहे हे तो ओळखतो. खंजीर इथेच राहील आणि उत्खननात सापडेल.

मग दालनं बंद होतात. राशीवर माती धरते, गवत येतं, झुडपं येतात. रोमन येतात आणि जातात, ब्रिटनीत नवी भाषा रुजते, चर्चचे मनोरे उठतात, पाणी टेकाडाच्या पायथ्याशी पोचलेलं असतं. वर चढणाऱ्या गुराख्याला दिसतो तो एक लांबोळका उंचवटा.

1807 मध्ये नेपोलियनच्या काळातली जमीनमोजणी इथे पोचते आणि बार्नेनेझ पहिल्यांदा कागदावर येतं. 1850 मध्ये मोर्ले इथे विद्वानांची परिषद भरते आणि तिथे हा उंचवटा प्राचीन दफनाची रास असल्याचं मान्य होतं. त्यानंतरच्या दशकांत फ्रान्स आपल्या महापाषाणांकडे गंभीरपणे पाहू लागतो. 1887 मध्ये ऐतिहासिक स्मारकांचा कायदा होतो, 1913 मध्ये अधिक भक्कम कायदा येतो, दक्षिण ब्रिटनीतल्या कार्नाकच्या उभ्या दगडांच्या रांगांसाठी सरकार जमिनी विकत घेतं.

बार्नेनेझची रास मात्र खाजगी जमिनीतच राहते. ती आहे हे ठाऊक आहे, ती काय आहे हेही शंभर वर्षं ठाऊक आहे. जपायच्या यादीत ती नाही.

1955

यंत्राचा आवाज तुम्हाला लांबूनच येतो.

जागा एका कंत्राटदाराने घेतलीय. त्याला रस्त्यासाठी दगड हवा आहे आणि इथे तो आयता रचून ठेवलेला आहे. खणायला नको, फोडायला नको, नुसता भरायचा. शेजारी याच जातीची आणखी एक लहान रास होती. तुम्ही ती शोधता आणि जेमतेम खूण दिसते. ती जवळजवळ संपली आहे. तिच्यात किती दालनं होती, भिंतींवर काही कोरलेलं होतं का, कुणी कुणाशेजारी काय ठेवलं होतं? ते दगड आता रस्त्याखाली दबून वाहनांचं वजन पेलतायत. प्रत्येक दगड अजून जगात आहे, आणि तरी ती वास्तू कायमची गेली.

ट्रक येतो, भरतो, जातो. मजुरांकडे पाहा, ही दुष्ट माणसं नाहीत. महायुद्ध संपून दहा वर्षं झालीत, सगळीकडे रस्ते हवे आहेत, हे दिवसाची मजुरी कमावतायत. मालकाच्या नजरेला समोर दगडाचा ढीग आहे. यंत्र मोठ्या राशीची बाजू खात आत येतं आणि अचानक ढिगात पोकळी दिसते. अंधार. वर सरकत गेलेले थर. हजारो वर्षं न पाहिलेला उजेड दालनात शिरतो आणि त्याच क्षणी तुम्हाला छेद दिसतो: बाहेरची भिंत, तिच्यामागची भिंत, बोळ, घुमटी, माथ्यावरची शिळा. यंत्र सरकतं तसं आणखी एक दालन उघडं पडतं.

आता त्या जुन्या, दुसरीकडून आणलेल्या शिळेची आठवण काढा. नवाश्मयुगातल्या माणसांनीही जुनं मोडलंच होतं ना, मग या कंत्राटदाराने वेगळं काय केलं? त्यांनी एका अर्थातून काढलेली शिळा दुसऱ्या अर्थात बसवली. ती कोरीव होती म्हणून निवडली, किंवा कोरीव असूनही निवडली. कसंही असो, शिळा शिळाच राहिली आणि आपण ती आजही वाचू शकतो. रस्त्याखाली गेलेल्या दगडातून आता काहीच वाचता येणार नाही. मोडणं आणि पुसणं यांत हे अंतर आहे.

मोर्लेमधल्या एका पत्रकाराला ही बातमी लागते आणि तो आरडाओरडा करतो. निरोप पुरातत्त्वज्ञांपर्यंत पोचतो. काम थांबतं. जानेवारी 1956 मध्ये बार्नेनेझची ऐतिहासिक स्मारक म्हणून अधिकृत नोंद होते.

1850 ते 1956, ओळख पटल्यापासून संरक्षण मिळेपर्यंत एवढा काळ गेला. या मधल्या काळातच लहान रास गेली.

ज्यो यांच्या पाठोपाठ

आता तुम्ही पिएर-रोलाँ ज्यो यांच्या मागे उभे आहात. ब्रिटनीच्या प्रागितिहासाचे हे मोठे अभ्यासक. 1968 पर्यंत त्यांचं काम इथे चालणार आहे. झुडपं काढली जातायत, कोसळलेला दगड बाजूला होतोय, भिंतीची मूळ रेघ कुठे आहे ते थराथराने शोधलं जातंय. यंत्राने एका दिवसात जेवढं नेलं, तेवढ्या दगडावर इथे महिने जातात, कारण इथे उचललेल्या प्रत्येक वस्तूची आधी जागा लिहिली जाते. कुठल्या बोळात, कुठल्या थरात, कशाच्या खाली.

मग निर्णयाची वेळ येते. कापलेली बाजू तशीच ठेवायची, की पुन्हा भरून सगळी रास पूर्ववत दाखवायची? भरली तर वास्तू सुंदर दिसेल, पण 1955 मध्ये काय झालं ते झाकलं जाईल. भिंती सावरल्या जातात, पायऱ्यांची बाह्यरेषा परत उभी राहते, आणि कापाच्या जागी दालनांचा छेद उघडा ठेवला जातो. म्हणून आज बार्नेनेझला जाणाऱ्याला बाहेर उभं राहूनच घुमटीची रचना आतून दिसते. लेखक आणि मंत्री आंद्रे मालरो यांनी या वास्तूला प्रागैतिहासिक पार्थेनॉन म्हटल्याचं सांगतात. तो मान वास्तूच्या अखंडपणाला नव्हता. तिच्या जखमेसकट होता.

मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. जपणं म्हणजे जुनं जसं असावंसं आपल्याला वाटतं तसं सजवणं नव्हे. वास्तूवर जे जे घडलं त्याचा पुरावा राखणं, आणि त्या पुराव्यात आपला अपराधही येतो.

कोळशाचा तुकडा

ज्यो यांच्या काळातल्या एका पुस्तकाच्या दुकानात डोकवा. कुठलंही वजनदार पुस्तक उघडलंत तरी त्यात जवळपास एकच गोष्ट सांगितलेली आहे: संस्कृती पूर्वेत जन्मली, मोठ्या दगडांच्या थडग्यांची कल्पना भूमध्य समुद्रातून पश्चिमेला आली, आणि अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी तिची ओबडधोबड नक्कल केली. गॉर्डन चाइल्ड यांच्यासारखा थोर अभ्यासकही महापाषाणांचा प्रवास पूर्वेकडूनच पाहत होता.

आता प्रयोगशाळेत चला. विलर्ड लिबी यांच्या किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने कोळशाचं वय काढता येऊ लागलंय. त्यासाठी लिबी यांना 1960 चं नोबेल मिळालं. ब्रिटनीच्या थडग्यांतल्या कोळशाचे आकडे येतात आणि ते अपेक्षेपेक्षा फार जुने निघतात. पुढे झाडांच्या वलयांवरून ही पद्धत दुरुस्त केल्यावर आकडे आणखी मागे जातात. कॉलिन रेन्फ्रू 1973 मध्ये या सगळ्याचा निष्कर्ष मांडतात: ही थडगी पिरॅमिडांची नक्कल असूच शकत नाहीत, ती पिरॅमिडांच्या आधीची आहेत. युरोपातल्या सर्वांत जुन्या दगडी वास्तूंपैकी काही, कुणाकडून उसन्या न घेता, याच किनाऱ्यावर उमलल्या.

दोर ओढणारे ते लोक आणि हात धरून दगड फिरवणारी ती म्हातारी यांना इतिहासात त्यांची जागा परत मिळाली. ती मिळाली कारण कोळशाचा तुकडा जिथे पडला होता तिथेच सापडला. तोच कोळसा खडीच्या ढिगात मिळाला असता तर त्याचं वय काढता आलं असतं, पण ते वय कशाचं हे कुणालाही सांगता आलं नसतं.

पुन्हा दालन ‘एच’

एकविसाव्या शतकाचं दुसरं दशक. तुम्ही त्याच दालनात परत आला आहात. तेलाच्या दिव्याऐवजी आता संशोधकांची उपकरणं आहेत. ही दालनं उत्खनन होऊन, मोजून, छापून कधीच संपलेली होती. कोरीव खुणांच्या याद्या झाल्या होत्या. तरीही तज्ज्ञ पुन्हा शिळांकडे पाहतात, वेगळ्या प्रकाशात, वेगळ्या प्रश्नाने, आणि त्यांना रंगाचे अंश दिसतात. तांबडा आणि काळा. खुणा नुसत्या कोरलेल्या नव्हत्या. या भिंती रंगवलेल्या होत्या.

ज्यो यांच्या पिढीला हे दिसलं नाही यात त्यांचा दोष नाही. पाहायची साधनं नव्हती आणि रंग असेल अशी अपेक्षाही नव्हती. पण त्यांनी शिळा जागेवर ठेवली, घासूनपुसून स्वच्छ केली नाही, म्हणून पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला तिला नवा प्रश्न विचारता आला. वारसा जपायचा तो आपल्याला आज त्यातून काय मिळतं यासाठीच केवळ नव्हे. जे प्रश्न अजून कुणाला सुचलेलेच नाहीत, त्यांची उत्तरं आपण आत्ता सांभाळतो आहोत.

शेजारच्या त्या लहान राशीत रंग होता का? हा प्रश्न 2010 नंतर विचारायला आपण तयार झालो, आणि उत्तर 1955 च्या आधीच खर्च झालं होतं.

आज

आता तुम्ही तुमच्या काळात आहात. बार्नेनेझ राष्ट्रीय स्मारकांच्या व्यवस्थेखाली आहे. लोक राशीभोवती फिरतात, कापलेल्या बाजूसमोर थांबतात. दक्षिणेला कार्नाकच्या रांगांभोवती 1991 पासून कुंपण आहे, कारण प्रेमाने येणाऱ्या पावलांनीच दगडांच्या बुंध्याची माती झिजत होती. 2001 च्या कायद्याने बांधकामाआधी जमिनीची पुरातत्त्वीय तपासणी करण्याची देशभर व्यवस्था उभी राहिली. जुलै 2025 मध्ये कार्नाक आणि मोर्बियाँ किनाऱ्याचे महापाषाण जागतिक वारशाच्या यादीत गेले.

इतकं होऊनही 2023 मध्ये कार्नाकमध्येच एका दुकानाच्या बांधकामात 39 लहान उभे दगड नाहीसे झाल्याची तक्रार उठली. ते अवशेष महत्त्वाचे असल्याचं सिद्ध होत नाही, असं प्रशासनाने म्हटलं. बऱ्याच अभ्यासकांना आणि स्थानिकांना ते पटलं नाही. वाद कुणाच्या बाजूने सुटतो त्यापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त बोचते. ते दगड महत्त्वाचे होते की नव्हते, हे आता जागेवर जाऊन तपासता येत नाही.

म्हणून या प्रवासातून मी एकच म्हणणं मांडतो. दगड टिकतो, पण रचना आपोआप टिकत नाही. तिला कुणीतरी वेळेत ओळखावं लागतं, ओळख कागदावर यावी लागते, आणि कागद यंत्राच्या आधी पोचावा लागतो. बार्नेनेझच्या बाबतीत पहिली गोष्ट शंभर वर्षं आधी झाली होती, दुसरीही अर्धीमुर्धी झाली होती. तिसरी चुकली आणि एक वास्तू रस्त्याखाली गेली. दुसरी वास्तू वाचली ती एका माणसाने गप्प न बसण्याचं ठरवलं म्हणून.

तुमच्या ओळखीच्या माळावर, शेताच्या बांधाला, गावाबाहेरच्या टेकाडावर असा एखादा अनोळखी दगडांचा ढीग असेल, तर त्याचे दगड हलवू नका. तो कुठे आहे ते लिहा, चारी बाजूंनी फोटो काढा, पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. कदाचित तो नुसता ढीगच निघेल; मग काही बिघडलं नाही. पण तो ढीग नसेल, तर तुमचं ते एक पानी पत्र हाच त्या वास्तूचा पहिला कायदा ठरेल.